तिघांचा गट, तीन छोटे टॅबलेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

गणिताच्या तासाला हातात मावणारे छोटे टॅबलेट वापरायला लागून आता बरेच महिने झाले. तिघांचा गट, प्रत्येकाकडे एक टॅबलेट, तिन्ही वायफायने जोडलेले. यातली खरी ताकद एका नियमात आहे: तिघांचं उत्तर एकच आल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही. चिलीतले संशोधक मिगेल नुसबाउम आणि गुस्ताव्हो झुरिता यांनी पॉकेट पीसीच्या, म्हणजे टॅबलेटआधीच्या खिशात मावणाऱ्या संगणकांच्या, काळात पहिलीतल्या मुलांसोबत हेच करून पाहिलं होतं. त्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला.

अपूर्णांक शिकवताना हा नियम काय करतो ते पाहण्यासारखं आहे. एकाच्या पडद्यावर १/३, दुसऱ्याच्या ३/८, तिसऱ्याच्या २/५. चढत्या क्रमाने लावा. छेद मोठा तो अपूर्णांक मोठा, असं समजणारा कुणीतरी ३/८ शेवटी ठेवतो. वहीत ही चूक मी तपासेपर्यंत तशीच राहिली असती. इथे शेजारची मुलगी लगेच अडवते, "कसं काय? दाखव." मग कुणीतरी छेद १२० करतं, ४०, ४५, ४८ असे अंश समोर येतात आणि वाद मिटतो. मी मध्ये एक शब्दही बोललेलो नसतो! पडदा लहान असल्यामुळे मुलं एकमेकांकडे बघून बोलतात, हा फायदा संगणक कक्षातल्या मोठ्या मॉनिटरसमोर मला कधीच दिसला नव्हता.

पण हुशार मुलगा सांगेल ते दाबून मोकळं होणारी मुलंही असतातच. त्यावर सॉफ्टवेअरकडे इलाज नाही. उत्तर जमलेल्या गटातल्या कुणालाही उभं करून मी कारण विचारतो, आणि मुद्दाम गप्प मुलालाच. तो आपल्यामुळे अडू नये म्हणून बाकीचे दोघे त्याला आधीच नीट समजावून ठेवतात. कुठला गट कुठे अडलाय हे माझ्या पडद्यावर रंगांनी कळतं, त्यामुळे नेमकं तिथेच जाता येतं.

त्रास म्हणाल तर चार्जिंगचा. एक बॅटरी संपली की अख्खा गट बसून राहतो, म्हणून दोन-तीन यंत्रं जादा ठेवाच. इंटरनेट लागत नाही, वर्गातला राउटर पुरतो. एखादं मूल गैरहजर असलं की मात्र पंचाईत, कारण सॉफ्टवेअर दोघांचा गट मान्यच करत नाही. घेण्याआधी ही सोय आहे का, ते विचारून घ्या.