जुन्या पेंटियम थ्रीला नवा एसएमपीएस : आठ महिन्यांचा अनुभव

खानापुरात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, पावतीपुस्तकं, उत्तरकार्याची कार्डं अशी कामं. टेबलावर दोन कॉम्प्युटर आहेत. एक अलीकडचा, आणि एक २००१ साली बेळगावात जोडून घेतलेला : पेंटियम थ्री, ८०० मेगाहर्ट्झ, १२८ एमबी रॅम, विंडोज ९८. हे जुनं धूड अजून का ठेवलंय, असं गिऱ्हाइकंही विचारतात. आमचं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टाला लावायच्या लॉकवर (किल्लीसारखा छोटा ठोकळा, तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही) चालतं आणि नव्या मशीनला तो पोर्टच नाही. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधल्या वीस-बावीस वर्षांच्या फायली त्याच फॉन्टात आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांत, आणायला गेलं की रफार आणि जोडाक्षरं विस्कटतात. थोरल्या मुलीची पत्रिका २००४ साली आमच्याकडे छापलेली माणसं आता धाकट्याच्या लग्नाला येतात आणि म्हणतात, तशीच नक्षी, कुलदैवतंही त्याच क्रमानं. म्हणून हे मशीन आम्हाला लागतं.

गेल्या मेअखेरीस सकाळी बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. तिसऱ्या-चौथ्यांदा चालू व्हायचं, मग दिवसभर नीट चालायचं. पावसाची हवा सुरू झाली तशी दहा-दहा वेळा बटण दाबायची पाळी आली. एका दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दुकानातून '५०० वॅट' लिहिलेला स्वस्तातला एसएमपीएस (भिंतीवरची वीज मशीनला लागणाऱ्या कमी व्होल्टात बदलून देणारा डबा, म्हणजेच सप्लाय) आणून बसवला. तो अकराव्या दिवशी बंद पडला. तेव्हा ऐन पत्रिकेचं काम स्क्रीनवर होतं आणि माणसं समोर बाकावर बसलेली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

शेवटी बेळगावातल्या अनगोळच्या अण्णांकडे गेलो. आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेले माणूस. त्यांनी दोन्ही सप्लाय दोन हातांत तोलले. स्वस्तातला नवा डबा जुन्यापेक्षा हलका होता. मग जुना पुन्हा जोडून, चालू मशीनमध्ये हार्ड डिस्कच्या जास्तीच्या चार पिनी कनेक्टरवर मीटर लावला. लाल आणि काळ्या वायरीत ५ व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे ४.७५ च्या खाली जाता कामा नये. मीटर ४.६ दाखवत होता. मदरबोर्ड ठणठणीत होता. सप्लायच्या जाळीतून बॅटरी मारून बघितलं तर दोन कॅपॅसिटर (वीज साठवणारे नळकांड्यासारखे भाग) डोक्यावर फुगलेले, एकाच्या तोंडाशी तपकिरी खरपुडी.

"वॅट काय बघूलालास? लाल वायरीला किती ॲम्पियर हाय ते बघ की," अण्णा म्हणाले. आठ महिन्यांनंतरही माझ्या मते सगळ्यात कामाचा सल्ला तोच. पेंटियम फोरपासून प्रोसेसरला वीज १२ व्होल्टच्या लाइनीवरून द्यायला लागले, म्हणून आताचे सप्लाय बहुतेक ताकद १२ व्होल्टला देतात. आमच्यासारख्या मशीनमध्ये प्रोसेसरचा भार ५ व्होल्टवर असतो. डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी त्यातले ५ आणि ३.३ व्होल्टला मिळून शंभर-सव्वाशेच असतात. आमच्या पेंटियम थ्रीला ते पुरतात, कारण तो प्रोसेसर स्वतः वीस-एकवीस वॅटच खातो. त्याच काळातले ॲथलॉन, म्हणजे एएमडी कंपनीचे प्रोसेसर, मात्र खादाड. बरेच बोर्ड त्यांनाही ५ व्होल्टवरूनच पोसतात. तसं मशीन असेल तर लेबल दोनदा वाचा.

दुसरी गोष्ट, स्वस्त सप्लायमध्ये ५ आणि १२ व्होल्ट एकाच नियंत्रणाखाली बांधलेले असतात. ५ वर भार जास्त आणि १२ वर जवळजवळ काहीच नाही, अशी आपल्या जुन्या मशीनची गत. मग ५ खाली ओढला जातो आणि १२ वर चढतो. दोन्ही लाइनी वेगळ्या सांभाळणारा सप्लाय थोडा महाग पडतो, पण मी तोच घेतला. बेळगावातूनच, अडीच हजारांच्या आत, ४५० वॅट, ५ व्होल्टला १५ ॲम्पियर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं दर दोन वर्षांनी बदलतात, लेबल वाचता आलं तर कुठल्याही दुकानात निभाव लागतो.

बसवायला तासभर लागला. मागचे चार स्क्रू जुन्याच भोकांत बसले. मुख्य कनेक्टर २४ पिनांचा आणि बोर्डाचा २०; कडेचा चार पिनांचा तुकडा सरकवून वेगळा करता येतो, तो तसाच लोंबत ठेवायचा. फ्लॉपीचा छोटा कनेक्टर मिळाला याचं समाधान वाटलं. अडचण एकच आली : जुन्या सप्लायच्या पाठीवर मॉनिटरची वायर लावायचं सॉकेट होतं, नव्याला नाही. मॉनिटरसाठी भिंतीवरच्या बोर्डात वेगळा प्लग काढावा लागला. नव्यात पांढरी, म्हणजे उणे ५ व्होल्टची वायरही नसते. काही जुन्या आयएसए कार्डांना (बोर्डावर जुन्या पद्धतीच्या लांब खाचेत बसणारी जास्तीची कार्डं) ती लागते. आमच्या आयएसए स्लॉटात काहीच नाही, त्यामुळे अडलं नाही.

आता आठ महिन्यांचं. जून ते सप्टेंबर आमच्याकडचा पाऊस म्हणजे भिंतींना ओल आणि कागदाला बाक. बसवल्यापासून तो पावसाळा संपेपर्यंत मशीन रोज पहिल्या बटणाला चालू झालं. पंखा १२ सेंटीमीटरचा, खाली तोंड असलेला. प्रोसेसरवरची गरम हवा तोच ओढून बाहेर टाकतो. आवाज इतका कमी की पहिले काही दिवस मी मागे हात धरून वारा येतोय का बघत होतो. दसऱ्याला मशीन पुसताना कव्हर उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर कागदाची पांढरी भुकटी साचलेली, बोटाला साय लागावी तशी. छापखान्यात हे होणारच. तेव्हापासून दोन महिन्यांनी वायर काढून ब्रश फिरवतो.

एक तक्रार खरी आहे. लाइट गेली की यूपीएसवर जाताना मशीन रीस्टार्ट व्हायचं; जुन्या सप्लायला असं कधी झालं नव्हतं. या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीवरची वीज एकसारखी ओढणारं सर्किट) आहे आणि आमचा यूपीएस बॅटरीवर गेला की चौकोनी लहरीची वीज देतो, त्या दोघांचं काही वेळा जमत नाही. ऑक्टोबरमध्ये साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीवरच्या विजेसारखी गोलसर लहर देणारा, यूपीएस घेतला आणि ते थांबलं. पण तो खर्च सप्लायपेक्षा जास्त झाला. हे आधी कळलं असतं तर यूपीएस बघूनच सप्लाय निवडला असता.

कुणी हे काम करणार असेल तर कळकळीनं सांगतो. आधी हार्ड डिस्क काढून आयडीई-यूएसबी वायरीनं (जुनी डिस्क यूएसबीला जोडणारी वायर) सगळ्या फायली दुसऱ्या मशीनवर घ्या. काही मोठ्या कंपन्यांच्या त्या काळातल्या तयार डेस्कटॉपांत कनेक्टर दिसायला हुबेहूब असतो, पण वायरींचा क्रम निराळा. नवा सप्लाय लावला तर बोर्ड जळू शकतो. जुन्या वायरींचे रंग आधी जुळवून बघा. आणि सप्लायचा डबा स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात. अण्णांनीही माझ्यासमोर तो उघडला नाही, जाळीतूनच बघितलं.

बसवला त्या दिवशी अण्णांनी कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि आकडे लिहिले : ५.०३, १२.०८. परवा मशीन चालू ठेवून मी पुन्हा मीटर लावला आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं : ५.०२, १२.०९.