जुन्या पीसीत पैसे घालायच्या आधी सीपीयू-झेड चालवा

जुना पीसी स्लो झाला की लोक डायरेक्ट दुकानात नेतात आणि तिथं ठरलेलं उत्तर मिळतं, बोर्ड जुना झालाय, पार्ट मिळत नाहीत, नवीनच घ्या. तसं ऐकून आला असाल तर आधी सीपीयू-झेड टाकून बघा, पीसीत कुठले पार्ट आहेत ते दाखवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर. सीपीयूआयडी या फ्रेंच कंपनीचं आहे, फुकट आहे, आणि झिप व्हर्जन घेतलं तर इन्स्टॉल पण करावं लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालतं.

आमच्याकडे डेल ऑप्टिप्लेक्स ३०२० आहे, बाबा त्यावर सोसायटीचे हिशोब करतात. पहिल्याच टॅबवर कळलं की प्रोसेसर चौथ्या जनरेशनचा आय३, सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) ११५०, म्हणजे सेकंडहँड आय५-४५७० यात बसू शकतो. मेनबोर्ड टॅबवर चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, दिसला एच८१.

पण मला सगळ्यात भारी वाटला तो एसपीडी टॅब. स्लॉट निवडायचा की त्यातल्या रॅमची सगळी कुंडली समोर, ४ जीबी, डीडीआर३, कंपनी कुठली, पार्ट नंबर काय, कुठल्या वर्षी कितव्या आठवड्यात बनली ते सुद्धा. दुसरा स्लॉट रिकामा. मेमरी टॅबवर चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) सिंगल दाखवत होता, तसलीच अजून एक ४ जीबीची स्टिक लावली आणि ड्युअल झाला. हे सगळं कॅबिनेट न उघडता कळलं होतं, आणि पार्ट नंबर हातात असला की दुकानात कोणी डीडीआर४ गळ्यात मारू शकत नाही, ती या बोर्डात बसतच नाही.

नवीन माणूस दोन ठिकाणी घाबरतो. मेमरी टॅबवर फ्रिक्वेन्सी ८०० च्या आसपास दिसते, ती दुप्पट करून वाचायची, म्हणजे रॅम १६०० ची आहे. आणि कोअर स्पीड पण कधीकधी ८०० मेगाहर्ट्झवर येतो, काही काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला खाली उतरतो, ब्राउझर उघडा, लगेच वर जातो.

आता काय नाही ते. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा ते हे सांगत नाही, त्यासाठी कॅबिनेट उघडून लेबलच वाचावं लागतं, आणि ३०२० मध्ये बोर्डाला डेलचा स्वतःचा ८ पिनचा कनेक्टर आहे, बाजारातला २४ पिनवाला एसएमपीएस अ‍ॅडॅप्टरशिवाय लागत नाही, ग्राफिक कार्ड टाकणाऱ्यांनी हे आधीच बघून ठेवा. हार्ड डिस्कची तब्येत पण यात दिसत नाही, त्याला क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर वापरा. खरा फरक तर एसएसडीनेच (हार्ड डिस्कपेक्षा फास्ट डिस्क) पडला. एच८१ ला चारपैकी दोनच साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) ६ जीबीपीएसचे असतात, त्यातल्याच एकाला एसएसडी लावा.

आय५ वर मात्र मी पैसे घातले नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेल असेल तर ऑफिशियली, मोजके अपवाद सोडून, आठव्या जनरेशनपासून पुढचेच प्रोसेसर चालतात, चौथ्या जनरेशनचा आय५ घेऊन ते काही बदलणार नव्हतं. रॅम आणि एसएसडी टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम घातली, बाबांच्या एक्सेलच्या फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडतात.

सीपीयू-झेडला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण लिनक्सवर हे येत नाही, तिथं टर्मिनलवर डीएमआयडीकोड ही कमांड टाइप करून चालवावी लागते, बरीचशी माहिती मिळते पण बाबांना फोनवर सांगून करून घेता येत नाही.