एनएचएल १४ की एनएचएल १५?

ईए स्पोर्ट्सच्या या दोन आइस हॉकी व्हिडिओ गेमपैकी मित्रांच्या टोळक्यासाठी १४च सरस होता. दिसायला २०१४ चा एनएचएल १५ देखणाच: पीएस४वर चकचकीत बर्फ, जिवंत प्रेक्षक, एनबीसी या अमेरिकन वाहिनीच्या थाटाचं प्रक्षेपण, हॉकी समालोचक माइक एमरिकची कॉमेंट्री. पण बडा घर, पोकळ वासा! नव्या कन्सोलवर येताना ईए स्पोर्ट्सने ईएएसएचएलच (ईए स्पोर्ट्स हॉकी लीग) गाळलं. मित्रांनी क्लब काढून लीग खेळायची सोयच गेली. जीएम कनेक्टेड, म्हणजे मित्रांनी एकेक संघ चालवायचा ऑनलाइन मोड, तोही नाही. ऑनलाइन टीम प्ले नंतरच्या अपडेटमधून आला, म्हणजे पैसे आधी, खेळ मागाहून. १४ पीएस३वरचा, चेहरे जरा लाकडी; तरी हे सगळं त्यात होतं, वर जुन्या एनएचएल ९४ गेमच्या धर्तीचा मोड आणि दणकेबाज मारामाऱ्या. नव्या कन्सोलवाल्यांना ईएएसएचएल मिळालं ते थेट एनएचएल १६मध्ये.