मदत की वाटणी?

‘आमचे हे घरात खूप मदत करतात’ म्हणणारं घर आणि कामं वाटून घेतलेलं घर वरवर सारखंच दिसतं. दोन्हीकडे नवरा कुकर लावतो. पण पहिल्या घरात तो विचारतो, ‘डाळ किती घेऊ? हळद कुठेय?’ म्हणजे डोकं तिचंच चालू, वर कौतुकही तिनंच करायचं! २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची २८९ मिनिटं त्यात गेली, तसं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. डोक्यातली ही यादी त्यात कुठे मोजणार?

वाटणीच्या घरात सुरुवातीला खटके जास्त उडतात, सासूबाईंचे टोमणेही असतात. ‘मदती’च्या घरात भांडण नसतं, धुसफुस असते. मला खटके परवडले. निदान माहेरी गेल्यावर ‘गॅस संपला’ म्हणून फोन येत नाही.