उन्हाळा काढलेला थिंकपॅड टी ४८० एस : जुना, पातळ आणि वाढवता येणारा

मी जीएसटी-इन्कम टॅक्सची कामं करतो, तेव्हा माझी गरज काय ते आधी सांगतो. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही रिटर्न भरायची असतात. त्याआधीचे दोन-तीन दिवस टॅली, टू-बीची (खरेदीवरच्या क्रेडिटचं पोर्टलवरचं विवरण) लांबलचक एक्सेल शीट आणि ब्राउझरमध्ये पोर्टलचे टॅब, सगळं एकाच वेळी उघडं असतं. डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) टोकनला जुना मोठा यूएसबी पोर्ट लागतोच. आणि निम्मे क्लायंट नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतले. तिकडे दुचाकीशिवाय जाण्यात अर्थ नाही, म्हणून बॅग हलकी हवी.

आधीच्या मशीनवर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि प्रोसेसर सातव्या पिढीचा असल्यानं ११ त्यावर अधिकृतपणे बसत नव्हतं. लोकांचे पॅन, पासवर्ड, बँक स्टेटमेंट ज्या मशीनवर आहेत त्याला सिक्युरिटी अपडेट नाही, हे मला चालणारं नव्हतं.

नवे बघून झाले. माझ्या बजेटमधल्या पातळ लॅपटॉपांत बहुतेक ठिकाणी ८ जीबी रॅम मदरबोर्डावरच सोल्डर केलेली, वर स्लॉट नाही. आज जे घेतलं तेच शेवटपर्यंत. म्हणून कंपन्यांतून निघालेल्या बिझनेस लॅपटॉपकडे वळलो आणि हिवाळ्यात सीताबर्डीची दुकानं पालथी घातली.

तिथं पहिली गोष्ट कळली ती अशी की स्वस्तात जे पुढे करतात ते बहुतेक सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचं असतं. लेनोवो थिंकपॅडचे टी ४७० एस आणि टी ४८० एस शेजारी ठेवले तर जुळी भावंडं वाटतात. पण पहिल्यात दोन कोअरचा आय-५ आणि विंडोज ११ ला नकार; दुसऱ्यात चार कोअरचा आणि होकार. आय-५ च्या पुढचा आकडा ८ नं सुरू होतोय का, एवढं बघितलं तरी निम्मा माल बाद होतो.

दुसरा सापळा जास्त वाईट. एका दुकानात चकाचक मशीन दाखवलं, किंमतही बरी. मी म्हटलं, माझ्यासमोर रिसेट करा आणि मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा. सेटअपच्या मध्येच स्क्रीनवर कुठल्याशा कंपनीचं नाव आलं आणि तिथला ऑफिसचा ईमेल-पासवर्ड मागितला. मशीन अजून त्या कंपनीच्या यादीत नोंदलेलंच होतं. दुकानदार शांतपणे म्हणतो, "भाऊ, नेट बंद ठेवून सेटअप करा न, काही होत नाही." आज होत नाही, पुढच्या रिसेटला पुन्हा तेच. तसंच बायॉसमध्येही (विंडोजच्या आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सेटिंग) शिरून बघा. तिथं जुन्या मालकाचा सुपरवायझर पासवर्ड असला तर लेनोवोचं अधिकृत उत्तर एकच आहे : बोर्ड बदला.

खरी निवड मागचं झाकण उघडल्यावर होते. थिंकपॅडचाच एक्स १ कार्बन दिसायला देखणा, पण सगळी रॅम सोल्डर. एचपीच्या एलिटबुक ८४० जी५ आणि डेलच्या लॅटिट्यूड ७४९० मध्ये रॅमचे दोन-दोन स्लॉट, निव्वळ अपग्रेडच्या हिशेबानं तेच सरस. टी ४८० एसमध्ये थोडी रॅम बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा. तरी मी हाच घेतला : कीबोर्डसाठी, आणि साधारण १.३ किलो वजन नि साडेअठरा मिलिमीटर जाडीत पूर्ण आकाराचा लॅन पोर्ट, एचडीएमआय आणि दोन मोठे यूएसबी मिळतात म्हणून. मात्र बोर्डावर ४ जीबी आहे की ८, हे विचारून नव्हे, बघून घ्या. दोन्ही प्रकार बाजारात फिरतात.

माझ्यात ८ होती. स्लॉटमध्ये १६ ची पट्टी टाकून २४ केली. ८ आणि १६ अशी विषम जोडी असली तरी पहिले १६ जीबी ड्युअल चॅनलमध्येच (दोन्हीकडून एकाच वेळी, म्हणजे जास्त वेगानं) चालतात. हा बदल ३बीच्या आठवड्यात सरळ दिसला. आधी एक्सेलमध्ये व्ही-लुकअप लावून टॅलीकडे गेलो की दोन्ही मख्ख बसायचे, आता तसं होत नाही. एसएसडीही बदलली, जुनी २५६ ची काढून १ टीबीची एनव्हीएमई. उघडण्याआधी एक काम विसरू नका : बायॉसमध्ये पॉवरच्या भागात आतली बॅटरी 'डिसेबल' करायचा पर्याय आहे, तो दाबूनच स्क्रू सोडवायचे. पुन्हा चार्जर लावला की बॅटरी जागी होते. बाजारात हे करताना मी कोणाला बघितलं नाही, थेट स्क्रूड्रायव्हर चालतो.

आता उन्हाळा. मे महिन्यात इथं पारा ४५ ला टेकतो आणि इतवारीतल्या गादीवर एसी नसतो. हवा खालच्या जाळीतून आत जाते, म्हणून गादीवर मशीन ठेवलं की श्वास बंद. मी खाली चोपडी ठेवतो. प्रोसेसर १०० अंशांपाशी आला की स्वतःचा वेग स्वतःच तोडतो. एप्रिलमध्ये साध्या कामालाही पंखा ओरडायला लागला तेव्हा उघडून बघितलं. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून खडूसारखी झाली होती आणि पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर. इतक्या वर्षांच्या मशीनमध्ये हे होणारच. पेस्ट बदलली, ब्रशनं धूळ काढली, तेव्हापासून पंखा आवाज करतो तो मोठी शीट उघडल्यावरच. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ती हवा ओली असते. आणि दुपारी गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नाही, बॅटरीचं आयुष्य तिथंच जातं.

बॅटरी मुळात ५७ वॉट-अवरची. पॉवर-सीएफजी कमांडनं बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि उरलेली क्षमता समोरासमोर दिसते, दुकानातच काढा. माझ्यात ४० वॉट-अवरच्या वर उरली होती, चार तास निघतात. लेनोवो व्हँटेज ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून ठेवली आहे. चार्जर यूएसबी-सीचा, त्यामुळे ऑफिसात एक, घरी एक. या पिढीच्या थिंकपॅडसाठी थंडरबोल्ट फर्मवेअरचं (यूएसबी-सी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपमधलं सॉफ्टवेअर) अपडेट निघालेलं आहे. ते पहिल्याच दिवशी टाका, नाहीतर यूएसबी-सी पोर्ट कायमचा बिघडू शकतो.

स्क्रीनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. खिडकीजवळ बसलं तर फिकी वाटते, आत ठीक.

बिलाचं आमच्या धंद्यातलं एक : रिफर्बिश्ड विकणारा मार्जिन स्कीममध्ये (खरेदी-विक्रीच्या फरकावरच जीएसटी) असेल तर तुम्हाला इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, बिलावर टॅक्स वेगळा दाखवलेलाच नसतो. भाव करताना हे धरा. हिशेबाची पुस्तकं ठेवत असाल तर कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा जुन्यालाही मिळतो. घेतला त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्या वर्षी निम्मा.

व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमसाठी मला विचारू नका, यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेली मॉडेल क्वचितच दिसतात. टॅक्स, वकिली, विमा, शाळेचं ऑफिस असल्या कामाला घ्या. नवी बॅटरी मी दिवाळीनंतर टाकणार आहे. लोकल आणि ओरिजिनलच्या भावात बराच फरक सांगताहेत, कोणी लोकल वापरत असेल तर किती टिकली ते खाली लिहा.