पहिलं मॉडेल: स्पिटफायर की हरिकेन?

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल घरी बांधायचं ठरलं की बहुतेकांचं बोट स्पिटफायरच्या खोक्याकडे जातं. विमान देखणं आहेच. पण मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये, जेवणाच्या टेबलावर, हाती नुसता ब्रश घेऊन पहिलंच मॉडेल करणार असाल, तर माझं मत त्याच काळातल्या हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश विमानाला.

आकारात फारसा फरक नाही. १/७२ प्रमाणात, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलात, स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर भरतात, हरिकेनचे सतरा. १/४८ त्याच्या दीडपट. पहिल्या खेपेला नको.

स्पिटफायरच्या पंखाची कड लंबगोल आणि पातळ. जोड घासताना पॉलिश पेपर जरा जास्त फिरला की कमान सपाट होते, आणि या विमानाची ओळखच ती कमान असल्यामुळे चूक लगेच डोळ्यात येते. मूळ विमानाचं अंग पत्र्याचं, म्हणून मॉडेलवर पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेघा सर्वभर असतात. रंग जाड लागला की त्या बुजतात. चाकांचे पाय जवळजवळ आणि बाहेर झुकलेले. माझ्या पहिल्या स्पिटफायरचा एक पाय तिरका चिकटला. त्याचा डावा पंख अजून खाली झुकलेला आहे.

हरिकेनचा पंख जाड, चाकं रुंद अंतरावर, त्यामुळे ते ठाम उभं राहतं. खरी मजा कॉकपिटच्या मागे आहे. मूळ विमानात तिथे लाकडी पट्ट्यांवर कापड ताणलेलं असायचं. मॉडेलवर त्या पट्ट्यांचे लांब उंचवटे दिसतात. रंग पूर्ण वाळला की त्याचीच फिकट छटा ब्रशवर घ्या, ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. कापड जिवंत होतं. नवख्या हाताला इतका आनंद देणारं काम स्पिटफायरमध्ये मला सापडलं नाही.

हरिकेन हरतं ते काचेच्या छपरावर. त्याला चौकटीच्या पट्ट्याच पट्ट्या. एकेक रंगवायला अख्खी संध्याकाळ जाते. स्पिटफायरला मोजक्याच.

१९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत स्पिटफायरपेक्षा हरिकेन संख्येनं जास्त होती. पण माझी ओढ १९४४ च्या इंफाळच्या लढाईची आहे. तिथे अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची १ नंबर स्क्वॉड्रन हरिकेनवरच लढली. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्या आघाडीवर आपल्या बाजूच्या विमानांवरच्या गोल चिन्हातला लाल रंग काढून गडद आणि फिकट निळा ठेवला होता. हे विमान करायचं तर खोक्यावर मार्क २ लिहिलेलं बघा (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती) आणि आत कुठली डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, आहेत ते विचारून घ्या. आपल्या ८ नंबर स्क्वॉड्रनकडे स्पिटफायर होती, पण मार्क ८. १९४० चं मार्क १ त्याजागी चालणार नाही.

वरचे रंग दोन्हींना तेच, गडद हिरवा आणि मातकट तपकिरी. इनॅमल ब्रशनं सुरेख पसरतो, पण टर्पेंटाइनचा वास घरभर राहतो आणि पावसाळ्यात एकेक हात वाळायला दोन दोन दिवस लागतात. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिकच घ्या. तो लवकर वाळतो, मे महिन्यात तर ब्रशवरच. म्हणून पंखा बंद ठेवून पातळ तीन हात द्या. वाळेपर्यंत वर पंख मावतील एवढा मोठा रिकामा डबा पालथा घाला, धूळ बसणार नाही.

डिकल्स लावण्याआधी चकचकीत वॉर्निशचा हात हवाच, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. शेवटचं मॅट वॉर्निश मी एकदा जुलैत स्प्रेनं मारलं आणि दमट हवेनं अख्खं विमान पांढुरकं झालं. तेव्हापासून बांधणी आणि रंग पावसात उरकतो आणि मॅट स्प्रेचा डबा दिवाळीनंतर उघडतो.