साबणाचं पाणी की निंबतेल?

जास्वंदीच्या कळीला कापूस चिकटल्यासारखा दिसतो, मिरचीची पानं आकसतात, गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर हिरवे ठिपके बसलेले असतात आणि बोट लावलं की चिकट लागतं. कोणालाही विचारा, दोनपैकी एक उत्तर मिळतं: साबणाचं पाणी मारा, नाहीतर निंबतेल मारा. गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर असतात, फक्त बऱ्याचदा चुकीच्या किडीसाठी दिलेली असतात. मी दोन्ही बरीच वर्षं वापरतोय. दोन्हींनी रोपं वाचवलीत आणि दोन्हींनी जाळलीही आहेत.

आधी साबण. तो किडीच्या अंगावरचा मेणचट थर फोडतो, आतली पेशींची आवरणं बिघडवतो आणि मऊ अंगाची कीड काही वेळात सुकून जाते. पण थेंब तिच्या अंगावर पडला तरच. पानावर साबण वाळला की त्याचं काम संपलं. तासाभराने तिथे येऊन बसलेल्या माव्याला, म्हणजे शेंड्यावरच्या त्या हिरव्या ठिपक्यांना, तो काही करत नाही, आणि तिथून चालत जाणाऱ्या, मावा खाणाऱ्या ढालकिड्यालाही नाही. हीच त्याची उणीव आणि हाच त्याचा मोठेपणा. अंडी बहुतेक वाचतात, म्हणून चार ते सात दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा मारावा लागतो.

पण साबण म्हणजे साबणच हवा. बागेसाठी मिळतो तो पोटॅशियमचा, म्हणजे तेल आणि पोटॅशच्या क्षारापासून बनवलेला मऊ साबण. लिटरमागे दहा ते वीस मिली पुरतो, सुरुवात दहानेच करावी. भांडी घासायचं लिक्विड हा साबण नव्हे, तो डिटर्जंट. पानावरचं मेणही तो धुऊन काढतो. टोमॅटोच्या दोन रोपांवर मी तो हात सैल सोडून फवारला होता. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा विडी ओढून चुरगाळलेल्या कागदासारख्या तपकिरी, आणि मावा मात्र शेंड्याच्या आतल्या घडीत मजेत. आणखी एक: पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, फेसाऐवजी वर दह्यासारखी साय येते. तसं झालं तर ते द्रावण फेकून द्या आणि पावसाचं किंवा आरओचं मऊ पाणी घ्या.

निंबतेलाचा स्वभाव अगदी वेगळा. त्यातला मुख्य घटक अ‍ॅझाडिरॅक्टिन. तो 1968 मध्ये वेगळा काढला गेला, पण त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की प्रयोगशाळेत तो पूर्णपणे बनवायला 2007 साल उजाडलं. तो किडीला जागच्या जागी लोळवत नाही. तिचं खाणं सुटतं, आणि कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचं काम बिघडतं, त्यामुळे पिल्लू पुढच्या अवस्थेत जाऊ शकत नाही. म्हणजे फवारल्यानंतर दोन-तीन दिवस किडी पानावर दिसतच राहतात. इथेच माणसाचा धीर सुटतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा फवारा, चौथ्या दिवशी दुप्पट तेल, आणि मग पानं तेलकट होऊन गळायला लागतात. एकदा मारलं की आठवडाभर थांबायचं.

बाटली घेताना लेबल वाचा. थंड घाण्याच्या तेलात अ‍ॅझाडिरॅक्टिन असतं, पण अ‍ॅझाडिरॅक्टिन काढून घेतलेलं शुद्ध केलेलं तेलही निंबतेल म्हणूनच विकलं जातं. दुसरं वाईट नाही, ते किडीला गुदमरवतं आणि भुरीवर, म्हणजे पानावरच्या पांढऱ्या पिठासारख्या बुरशीवरही चालतं, पण कात रोखण्याचं काम त्याच्याकडून होणार नाही. लिटरभर कोमट पाण्याला पाच मिली तेल पुरतं. आधी तेलात एक-दोन मिली पातळ साबण घोटून घ्यायचा, मग थोडं थोडं पाणी घालायचं, दुधासारखं पांढरं होईपर्यंत. थेट पाण्यात ओतलं तर तेल वर तरंगतं आणि फवाऱ्यातून शेवटी निव्वळ तेलच बाहेर येतं, जे शेवटच्या रोपाच्या वाट्याला जातं. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. अ‍ॅझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होऊन निकामी होतं, म्हणून फवारणी ऊन उतरल्यावरच. तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर दोन्ही बाटल्या कपाटातच बऱ्या.

आता कोणत्या किडीला काय, हा खरा प्रश्न.

मावा असेल तर निंबतेलाची वाट बघू नका. माव्याच्या माद्या नराशिवायच थेट जिवंत पिल्लं टाकतात आणि ती पिल्लं आठवडाभरात स्वतः आई होतात. इतक्या वेगाला सावकाश औषध पुरत नाही. आधी नळीने पाण्याचा जोरदार झोत मारा, पानाच्या खालून. खाली पडलेला मावा बहुतेक परत चढत नाही. उरलेल्यांना साबण. माझ्याकडे निम्म्याहून जास्त वेळा नुसत्या पाण्यावरच भागतं.

पांढऱ्या माशीचं उलट. साबणाने पानाखालची पिल्लं मरतात, पण फवारा आला की मोठ्या माशा ढगासारख्या उडतात आणि परत येऊन अंडी घालतात. इथे निंबतेल सरस, कारण पानाखाली चिकटून कात टाकणारी पिल्लं हाच त्याचा नेम. सोबत एक पिवळा चिकट कागद टांगा, माशा संपवायला नव्हे, त्या वाढतायत की घटतायत ते कळायला.

पिठ्या ढेकूण म्हणजे जास्वंदीवरचा तो कापूस. त्याच्या जाड मेणावरून दोन्हींचे थेंब ओघळून जातात. कापसाचा बोळा सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, मग साबण. आणि मुंग्यांची वाट बंद करा. पिठ्या सोडतो त्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याच्या शत्रूंना हाकलतात.

मिरचीची पानं वर वळून होडीसारखी झाली असतील तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळून उलट्या वाटीसारखी झाली असतील तर बहुधा पिवळा कोळी. फुलकिड्यांना निंबतेल थोडं लवकर सुरू केलं तर चालतं. पिवळा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, आणि त्यावर पाण्यात मिसळणारं गंधक साबण आणि निंबतेल दोन्हींपेक्षा उजवं. फक्त तेल आणि गंधक यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. भुरीलाही हाच नियम: निंबतेल किंवा गंधक, दोन्ही नाही. साबणाचा भुरीशी फारसा संबंध नाही. अळ्यांवरही साबण वाया जातो. लहान अळीला निंबतेल, मोठी हाताने वेचा, पानाच्या आत नागमोडी पांढऱ्या रेघा काढणाऱ्या नागअळीचं पान खुडून टाका.

आणि काही वेळा कीडच नसते. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी होतायत, तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाहीये. टोमॅटोच्या बुडाला काळा चट्टा, तर पाणी कधी भरपूर कधी काहीच नाही, त्यामुळे फळाला कॅल्शियम पोचत नाही. रोप मान टाकतंय आणि माती दोन पेरं खोल ओलीच आहे, तर मुळं गुदमरलीत. यातल्या एकाही दुखण्याला फवारा लागत नाही, पण फवारा मारणारे मी मोजलेत, आणि त्यात मी स्वतः दोनदा आहे.

एकच बाटली घ्यायची असेल तर? चार-सहा कुंड्या, गुलाब, जास्वंद, थोडी पालेभाजी, एवढंच असेल तर साबण घ्या. काकडी, वांगी, टोमॅटो लावता आणि दर हंगामाला पांढरी माशी येते, तर निंबतेल. मुळांतून झाडभर फिरणारं औषध मी ठेवत नाही. ते मधातही उतरतं. इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइडांचा, म्हणजे अशाच झाडभर फिरणाऱ्या औषधांचा, उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने 2018 मध्ये बंद केला तो मधमाश्यांसाठीच.

नवं काहीही मारण्याआधी एका पानावर मारून दिवसभर थांबा. आणि फांदी नीट बघा. पिठ्यासारखीच पांढरी, झुपकेदार, पण मोठी आणि तुरुतुरु पळणारी अळी दिसली, तर ती क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची, जी पिठ्यालाच खाते. तशी दोन-चार दिसली तर त्या फांदीवर आठवडाभर काहीच मारू नका.